सात नंबरचा पावणा

आमच्या टायपिंग क्लासमधला सात नंबरचा कॉम्प्युटर अजूनही पेनड्राइव्ह लावल्याशिवाय सुरू होत नाही. नवीन मुलगी आली की मी तिला पहिल्याच दिवशी बजावते, त्या काळ्या पेनड्राइव्हला हात लावायचा नाही. त्याच्यावर खडूची एक बारीक रेघ आहे. ती पुसत आली की मी पुन्हा ओढते. मुली एकमेकींकडे बघतात. बाईंचं वय झालं असं त्यांना वाटत असणार. वाटू दे.

ती रेघ पहिल्यांदा ओढली मल्लूअण्णांनी. अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. या काळात क्लासला रंग दिला, दोन पंखे बदलले, पडदे बदलले, पण सात नंबरला कुणाला हात लावू दिला नाही. का, ते सांगायचं तर अण्णा पहिल्यांदा आले त्या दुपारपासून सांगायला हवं.

क्लास कोल्हापूरच्या राजारामपुरीत, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दहा कॉम्प्युटर, सगळे एका ऑफिसनं काढून टाकलेले. मी आधीच घाईची बाई, त्यात धंदा टायपिंगचा. मिनिटाला चाळीस शब्द म्हणजे माझ्या दृष्टीनं माणूस, त्याच्या खाली नुसता प्रयत्न. तर मार्चमधल्या एका दुपारी, मुली टायपिंग करत होत्या आणि मी घड्याळ घेऊन त्यांच्यामागं फिरत होते, तेव्हा दाराबाहेर कुणीतरी चपला काढल्या. त्या भिंतीला लावून सरळ ठेवल्या. मग पांढरी टोपी, पायजमा, खांद्याला कापडी पिशवी असा एक उंच, वाळका माणूस दारात उभा राहिला.

"बंद पडलेला हाय काय एखादा?"

मला वाटलं भंगारवाला. म्हटलं, "आम्हाला भंगार द्यायचं नाही."

"भंगार न्हवं बाई. बंद पडलेला. चालू करून देतो की."

"तुम्ही कॉम्प्युटरवाले?"

"न्हाय. मी कबनूरचा. मागावर जॉबर हुतो."

जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो जुळवून देणारा माणूस. पस्तीस वर्षं तेच केलेलं. मी बघतच राहिले. तेव्हा त्यांनी आपली ओळख पटवली, "माझी वैशाली तुमच्याच हितं शिकली. कॉलेजला हुती तवा." मला वैशाली आठवत नव्हती. आमच्याकडून इतक्या मुली जातात. पण मास्तरांना न आठवता मान हलवायची सवय असते, तशी मी हलवली, आणि दिवाळीपासून मेलेला चार नंबर दाखवला. मनात म्हटलं, मेलेल्याला आणखी काय मारतील!

अण्णा त्याच्यासमोर बसले. पिशवीतून काही काढलं नाही. आधी उजव्या हाताचा तळवा कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता दाबा बटण."

मी दाबलं. आतला पंखा घरघरला, एक बारीक शिट्टी वाजली आणि काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं येऊन थांबली. अण्णांचे डोळे मिटलेलेच.

"एकदाच वाजला. म्हंजे आतलं सगळं जागं हाय. फक्त कुठं जायचं त्ये ठावं न्हाय त्याला."

मग डोळे उघडून त्यांनी पडद्यावरची तारीख दाखवली. कित्येक वर्षांपूर्वीची एक जानेवारी. "बगा. आतली बारकी बॅटरी मेली की याद जाती. ह्यो रोज सकाळी उठतो आनि ह्येला वाटतंय, आपण आजच जन्मलो. घर कुठं, दार कुठं, काय बी आठवत न्हाय." पिशवीतून त्यांनी चुन्याची रिकामी डबी काढली. तिच्यात बटणाएवढ्या बॅटऱ्या होत्या. एक बसवली, मग बाण खाली-वर करत एका निळ्या पडद्यावर त्याला त्याच्या घराचा पत्ता पुन्हा लिहून दिला. चार नंबर सुरू झाला. खरं सांगते, मला आनंदापेक्षा राग जास्त आला. एवढ्यासाठी मी चार-पाच महिने थांबले होते!

पण तो कॉम्प्युटर इतका संथ झाला होता की 'क' दाबून 'क' उमटेपर्यंत चहा पिऊन व्हावा. अण्णा म्हणाले, "लिनक्स घालूया. हलकं असतंय. म्हाताऱ्याला पिठलं-भाकरीच बरी." असा हा मागावरचा माणूस आमच्याकडे लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी घालायची फुकटची प्रणाली, घेऊन आला.

चहा घेताना मी विचारलं, हे सगळं कशासाठी? दारोदार बंद कॉम्प्युटर शोधत फिरायचं, त्यासाठी कबनूरहून एसटीनं यायचं, कशासाठी?

बशी खाली ठेवून ते म्हणाले, "घरात एक हाय बंद पडलेला. त्येला अजून हात लावला न्हाय. त्याच्याआदी हात बसाय पायजे."

मग सगळं सांगितलं. त्यांची बायको इंदू. मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. वैशाली आमच्याकडे शिकत असताना तिनं घरी जाऊन सांगितलं, बाई म्हणतात कुणालातरी मजकूर वाचायला सांगा आणि ऐकून टाइप करा, म्हणजे हात बसतो. ही माझी जुनी खोड, सगळ्यांना सांगते. पण इंदूला सकाळी दुसऱ्यांच्या घरी कांड्यांच्या कामाला जायचं असे. म्हणून वैशालीनं आईला कॉम्प्युटरपुढं बसवून, वर्तमानपत्र हातात देऊन, तिच्या आवाजातलं वाचन त्यात भरून ठेवलं. आई कामावर गेली की पोरगी आवाज लावून टाइप करी. पुढं वैशालीचं लग्न झालं, ती निपाणीला गेली, कॉम्प्युटर घरी राहिला. मग इंदू गेली. वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी सगळे पाहुणे परतल्यावर अण्णांना वाटलं, एकदा आवाज ऐकावा. त्यांनी बटण दाबलं, तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं.

"शहरातल्या एका दुकानात न्हेला. पोरगं म्हणालं, फॉरमॅट मारूया, नव्यागत हुईल. म्या इचारलं, आतलं? म्हणालं, आतलं जाणार की." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "नव्यागत कुणाला पायजे हुतं, बाई?"

त्यांनी तो डबा उचलला, एसटीत मांडीवर घेतला आणि घरी आणून फळीवर ठेवला. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही, हे तिथंच ठरलं. स्वतः शिकायचं, दुसऱ्यांच्या बंद कॉम्प्युटरवर हात बसवायचा, आणि चूक होणार नाही अशी खात्री झाली की मगच आपल्याकडच्याला हात घालायचा.

माझ्या एका खोडीमुळं त्या बाईचा आवाज जगात उरला होता, आणि तो एका चुकीच्या बटणासरशी जाणार होता. मला अभिमान वाटला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी म्हटलं, "अण्णा, माझे दहाच्या दहा घ्या. मोडले तरी चालतील."

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी अण्णा यायचे. मुलींना टोपीवाले इंजिनिअर मिळाले.

ते लिनक्स शिकले होते मोबाइलवर, एका कानडी मास्तरांचे व्हिडिओ बघून. अण्णांची आई कानडी बोलायची, त्यामुळे भाषा कानात होती. इंग्रजी अक्षरं सुताच्या गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून आलेली. म्हणून त्यांची कॉम्प्युटरविद्या तीन भाषांची खिचडी होती. यंत्र अडलं की ते त्याला "तडी, तडी" म्हणायचे. कानडीत, जरा थांब. मला आधी वाटायचं ते मला म्हणतायत, आणि म्हणत असतीलही, कारण मी मागं उभी राहून चुळबुळ करायचे.

माग जुळवायची त्यांची एक रीत होती, तीच त्यांनी इथं आणली. एका वेळी एकच स्क्रू. "दोन फिरवलं तर कुठल्यानं चालला ते कळत न्हाय. आनि न कळता चालला तर त्यो चालला न्हवंच." जिथं हात लावला तिथं खडूनं खूण करायची. एक रेघ म्हणजे बघितलं, फुली म्हणजे बदललं, टिंब म्हणजे शंका आहे. थोड्याच दिवसांत माझ्या दहाही डब्यांवर रेघा, फुल्या, टिंबं झाली. मेमरीची पट्टी काढून ते शाळेतल्या खोडरबरानं तिची सोनेरी कड पुसायचे आणि उजेडात धरून बघायचे. खंडेनवमीला स्वतःच्या पैशानं झेंडू आणून दहाही कॉम्प्युटरना वाहिला, आणि मला म्हणाले, "आज ह्यांना राबवायचं न्हाय, बाई." मी परीक्षेची कारणं सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मेन स्विच बंद करून टाकला.

सगळ्यात नवल त्यांच्या झोपेचं. लिनक्स बसायला वेळ लागतो. पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकते. दुपारचं ऊन खिडकीच्या पडद्यातून पिवळं होऊन यायचं, पंखे फिरायचे, बाकीच्या कळफलकांचा खडखडाट चाललेला असायचा, आणि अण्णा खुर्चीतच झोपायचे. तो खडखडाट त्यांना मागांसारखा वाटे. गाढ झोपायचे, टोपी मांडीवर. पण एखादी मुलगी थांबली, नुसती केस सारखे करायला थांबली, की यांचा डोळा उघडे. "तीन नंबर थांबली." पस्तीस वर्षं आवाजात झोपलेल्या माणसाला आवाज थांबला की जाग येते. मुलींनी त्याचा खेळच केला. मीही एकदा, सांगायला लाज वाटते, पाच नंबरच्या मुलीला मुद्दाम खूण करून थांबवलं. डोळे न उघडताच अण्णा म्हणाले, "पाच. आनि बाईंनी सांगितलं."

एकदा मात्र आमचं भांडण झालं. दोन नंबरवर लिनक्स बसलं, पुन्हा सुरू केलं, तर पडदा काळा. एका कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकत होती, बस्स. मी म्हटलं, बिघडला, बंद करा. अण्णा म्हणाले, तडी. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. ते त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडं असे बघत बसले होते, जसं कुणी नदीकडं बघत बसावं. माझा पारा चढला. "अहो, दोन मुलींचा तास बुडाला! काय बघताय त्यात?"

"बाई, ती रेग हलायलीय. म्हंजे आत कोणतरी चालायलंय. दिवा न्हाय म्हणून दिसंना. घर मोकळं न्हाय."

पुढच्या बुधवारी ते एक चिठ्ठी घेऊन आले. कानडी मास्तरांकडून मिळालेला एक शब्द त्यावर सुटा सुटा लिहिला होता: नो, मोड, सेट. यंत्र सुरू होण्याआधी एका ओळीच्या शेवटी तो टाइप करायचा. म्हणजे जुन्या यंत्राला पडद्यावरची नवी कलाकुसर करायला न सांगता साधंच काहीतरी दाखवायला सांगायचं. मी टाइप केला, कारण माझा वेग जास्त, एवढा मान त्यांनी मला दिला. पडदा उजळला. एका डोंगराचं चित्र आलं आणि दोन नंबरची मुलगी टाळ्या वाजवायला लागली. अण्णांनी त्या डब्यावरची टिंबाची खूण पुसून फुली केली.

आणि मग सात नंबर.

त्या दिवशी सगळं विनासायास झालं. अण्णांनी पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवलं, यंत्र बंद-चालू करून दाखवलं, पेनड्राइव्ह काढून पिशवीत टाकला आणि चार वाजताची एसटी पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात नंबर मेलेला. मी फोन केला. अण्णा तसेच निघून आले, पेनड्राइव्ह लावला, यंत्र सुरू. सगळं तपासलं, ठीक. पेनड्राइव्ह घेऊन गेले. शुक्रवारी पुन्हा मेलेला. मी फोनवर म्हटलं, "अण्णा, तुम्ही गेलात की हे मरतं. तुमच्यावर जीव आहे त्याचा."

शनिवारी ते आले आणि दिवसभर बसले. संध्याकाळच्या सुमाराला एकदम मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"बाई, माग मोजायचा म्हंजे दाराकडनं मोजायचा. दाराजवळचा एक नंबर. घरातला पक्का, त्यो पैला. म्हणून म्या आपलं समजून चाललो, पैली ती आतली डिस्क, दुसरा ह्यो पेनड्राइव्ह. आनि सुरू करायचा निरोप पैल्याजवळ ठेव म्हणून सांगितलं. पण ह्या जुन्या यंत्राची रीतच उलटी. ह्येनं पावण्याला पैल्या पंगतीला बसीवलंय!"

म्हणजे झालं असं, की बाहेरून लावलेल्या पेनड्राइव्हला त्या यंत्रानं पहिला क्रमांक दिला होता. कॉम्प्युटरनं कसं सुरू व्हायचं, हा निरोप घरात लिहिला जायच्या ऐवजी पाहुण्याच्या खिशात लिहिला गेला. पाहुणा उठून गेला की घराला आपण कोण हेच आठवेना. मीही हसले. मुलीही हसल्या. कोल्हापूरचं यंत्र आहे, पाहुण्याला आधी वाढणारच, असं मी म्हटलं.

हसता हसता अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढली. "बाई, हितं नुसता निरोप चुकीच्या जागी गेला. म्या पुढच्याच आठवड्यात घरच्याला हात घालणार हुतो. तितं सगळंच असं दाराकडनं मोजून, 'हे पूस' म्हणून सांगितलं असतं तर?"

त्यांनी पेनड्राइव्हवर खडूची एक रेघ ओढली, तो सात नंबरला तसाच ठेवला आणि उठले. नंतरचे तीन बुधवार ते आलेच नाहीत. मुली विचारायच्या. मी त्यांना ओरडायचे आणि स्वतः जिन्याकडं बघायचे.

चौथ्या बुधवारी जिन्यावर जड पावलं वाजली. अण्णांच्या दोन्ही हातांत एक मोठा डबा होता, जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेला.

"घरात जमायचं न्हाय," ते म्हणाले. "गल्लीत सगळीकडं माग. तिचा आवाज ऐकू यायचा न्हाय." आणि थोडं थांबून, "आनि एकट्याला भ्या वाटतंय."

मी आयुष्यात पहिल्यांदा चालू तास सोडून दिला. मुलींना घरी पाठवलं.

त्यांनी सगळं आधीच ठरवलं होतं. काही बसवायचं नाही, काही पुसायचं नाही. घरातली डिस्क काढून बाजूला ठेवायची, नुसत्या पाहुण्याच्या जोरावर यंत्र उठवायचं, आणि ते नीट उठतंय अशी खात्री झाली की डिस्क जोडून नुसतं बघायचं. "पावण्यालाच राबवायचं. घरच्याला झोपू दे."

ते इतकं सोपं नव्हतंच. डब्याची बॅटरी मेलेली, ती बदलली. पुढच्या बाजूला लावलेला नवा पेनड्राइव्ह यंत्राला दिसेना. अण्णांनी तिथं खडूनं रेघ ओढली आणि मागच्या बाजूला लावला. दिसला. मग पडद्यावर एक ओळ आली आणि सगळं थांबलं: हे लिनक्स या यंत्राला झेपणारं नव्हतं. पिशवीतून दुसरा पेनड्राइव्ह निघाला, त्याच्यावर जुन्या यंत्रांसाठीचं. आणखी एक रेघ. दोन तास गेले असतील. मी एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही, आणि हे माझ्याबाबतीत कुणाला खरं वाटायचं नाही. शेवटी तो डोंगर उगवला.

यंत्र बंद करून त्यांनी डिस्क जोडली. तळवा डब्यावर ठेवला, डोळे मिटले. "आता दाबा बटण."

मी दाबलं. पुन्हा डोंगर आला.

"कोण कोण हाय, मोठ्यानं वाचा. नंबर वाचू नका. माप वाचा."

कुणात किती मावतं ती दोन्ही मापं मी वाचली. लहान ते पेनड्राइव्हचं, मोठं ते घरच्या डिस्कचं. मोठ्यावर टिचकी मारली. उघडलं. वैशालीची कॉलेजची कामं, लग्नाचे फोटो, आणि एक पिवळी पेटी, तिच्यावर नाव 'आई'. आत अकरा फायली.

अण्णांनी हेडफोन लावला. मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसता त्यांचा चेहरा बघत होते. तो आधी एकदम घट्ट झाला, मग हळूहळू सैल पडला, दुपारी खुर्चीत झोपायचे तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली.

एक खणखणीत, सपाट आवाज. बातमी कुठल्याशा गावातल्या पाणीयोजनेची. दर दोन-चार शब्दांनी ती बाई "स्वल्पविराम" म्हणत होती, आणि वाक्य संपलं की "पूर्णविराम" असं दटावून. मागं माग चालू होता. मध्येच एक पुरुष खोकला.

"त्यो मी," अण्णा म्हणाले.

त्याच संध्याकाळी सगळ्या फायली त्यांनी वैशालीसाठी वेगळ्या भरून घेतल्या, आणि एक प्रत सात नंबरवर ठेवली. मी मोबाइलमध्ये घालून देते म्हटलं, तर नको म्हणाले. "खिशात आसलं की कवाबी ऐकीन म्हणून ऱ्हातंय. हितं याचं म्हंजे येणं हुतंय." मग म्हटलं, निदान सात नंबरचं ते पाहुण्याचं दुरुस्त करून टाका, किती दिवस पेनड्राइव्ह अडकवून ठेवायचा? त्यावर ते नुसते हसले. "ऱ्हाऊ द्या की. बसलाय तर बसू दे."

मला खरंतर वाटलं होतं, आता काम झालं, अण्णा येणार नाहीत. पण पुढच्या बुधवारी चपला भिंतीला लागल्या. ते थेट सात नंबरला जाऊन बसले, हेडफोन लावला, आणि कळफलकावर एक बोट ठेवून अक्षर शोधू लागले.

इंदू सांगत होती आणि अण्णा टाइप करत होते.

एका बोटानं. 'प' सापडेपर्यंत ती पुढच्या वाक्यावर गेलेली. हेडफोन लावल्यावर आपण मोठ्यानं बोलतो हे कळत नाही. "जरा दमानं गं," ते सबंध वर्गाला ऐकू जाईल असं म्हणायचे. मुलींना हसू यायचं. मी डोळे वटारायचे. मग ते आवाज मागं घेऊन पुन्हा तेच वाक्य ऐकायचे. कितीही वेळा मागं घेतला तरी ती कंटाळत नव्हती, त्याच ठसक्यात पुन्हा सांगत होती. एकदा मी डोकावले तर पडद्यावर खुणेच्या जागी अक्षरांत 'स्वल्पविराम' लिहिलेलं. मी म्हटलं, "अण्णा, ते लिहायचं नसतं. नुसती खूण करायची."

"ती म्हणाली त्ये समदं घ्याचं," ते म्हणाले.

तीस वर्षं मी मुलींना सांगत आले, मागं वळून बघायचं नाही, चुकलं तरी पुढं जायचं, वेग तुटता कामा नये. अण्णा प्रत्येक शब्दावर तीनदा मागं जायचे. मी त्यांना एकदाही टोकलं नाही. उलट त्यांच्या खुर्चीमागून जाताना माझीच पावलं हळू पडायची. बुधवारची दुपार आली की मला स्वतःला शांत वाटायला लागायचं, आणि ते का, हे मला कळत होतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीपर्यंत दहा फायली झाल्या होत्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी ते अकरावीला बसले. त्या दिवशी एकदाही "दमानं" म्हणाले नाहीत. तासाभरात उठले, टोपी घातली. "येतो बाई." चहालाही थांबले नाहीत. त्यानंतरच्या बुधवारी वैशालीचा फोन आला. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत, असं ती म्हणाली, आणि मग मला म्हणाली, "बाई, मी चार नंबरला बसायची."

पण मला आठवतात ते त्या शेवटच्या बुधवारचे अण्णा. ते जिना उतरले आणि मी सात नंबर बंद करायला गेले. कागद पडद्यावर तसाच उघडा होता. बातमी उसाच्या पाण्याची होती. तिची अर्धी ओळ झाली होती, आणि पुढं त्यांनी सगळं घेतलं होतं, जसंच्या तसं:

'सरीच्या टोकाकडून पाणी सोडताना स्वल्पविराम थांब जरा दूध उतू जायलंय आलेच मी'

तिचं वाचन तिथंच संपत होतं. ती दूध बघायला उठली होती, आणि वैशालीनं आवाज भरणं बंद केलं असणार. त्याच्या खाली एक ओळ मोकळी सोडून अण्णांनी स्वतःचा एकच शब्द लिहिला होता:

'थांबलोय'

मी खिडकीशी गेले. खाली रिक्षा, दुचाक्या, क्लास सुटलेली पोरं, सगळी घाईत. बसस्टॉपवर अण्णा खांबाला पाठ टेकून उभे होते, पिशवी छातीशी धरून. एक बस आली, भरली, गेली. ते चढले नाहीत. तोंडावर ऊन होतं आणि डोळे मिटलेले.

बाई खिडकीत का उभ्या राहिल्या म्हणून माझ्या मागं मुलींचे हात एकेक करत थांबले. सगळा क्लास गप्प झाला. एवढ्या लांब, एवढ्या गोंगाटात ते ऐकू जाणं शक्यच नाही. पण अण्णांनी डोळे उघडले आणि मान वर करून थेट आमच्या खिडकीकडं पाहिलं.

मी मागं न वळता मुलींना म्हटलं, "चालू ठेवा गं. थांबू नका."